देवावर विश्वास आहे, मग आत्मविश्वास का नाही?

प्रश्न असा आहे: "मी ख्रिस्ती घरातच वाढलो. रोज प्रार्थना करतो, कितीतरी वचनं तोंडपाठ आहेत. तरी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की घसा कोरडा पडतो. उपासनेत पाळकांनी प्रार्थना करायला सांगितलं तर मी नजर खाली घालतो. मित्र म्हणतात, 'स्वतःवर विश्वास ठेव.' मंडळीत ऐकतो, 'स्वतःवर नाही, देवावर विश्वास ठेव.' देवावर माझा विश्वास आहे, मग माझ्यात आत्मविश्वास का नाही? माझा विश्वासच खोटा आहे का?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण सगळ्यात जास्त तेच टोचत असणार. नाही, तुमचा विश्वास खोटा नाही. मंडळीत समुपदेशनाचं काम मी बरीच वर्षं करते आहे. हा प्रश्न घेऊन येणारी माणसं बहुतेक वेळा मनापासून विश्वास ठेवणारीच असतात. भीती वाटणं आणि विश्वास नसणं या दोन गोष्टी आपण एकच धरून चालतो, तिथे घोळ होतो. प्रेषित पौल करिंथच्या मंडळीला सरळ लिहितो की मी तुमच्याकडे आलो तेव्हा अशक्त होतो, घाबरलेला होतो, थरथरत होतो (१ करिंथ २:३). ज्याच्या पत्रांवर आपण श्रद्धेचे धडे घेतो, तो माणूस त्या शहरात पाऊल ठेवताना कापत होता. आणि त्याच शहरात त्यानं दीड वर्ष राहून शिकवलं, असं प्रेषितांच्या कृत्यांत आहे (१८:११). थरथर होती आणि काम थांबलं नाही. दोन्ही एकाच माणसात, एकाच वेळी.

आता मित्र आणि मंडळी यांच्या मधोमध तुम्ही अडकलात त्याबद्दल. मित्रांचं म्हणणं पूर्ण चुकीचं नाही आणि मंडळीतलं म्हणणं अर्धवट पोचलेलं आहे. "जो आपल्याच हृदयावर भरवसा ठेवतो तो मूर्ख" या अर्थाचं वचन नीतिसूत्रांत आहे (२८:२६), ते खरंच आहे. पण रोमकरांस पत्रात पौल जेव्हा सांगतो की स्वतःला वाजवीपेक्षा मोठं समजू नका, तेव्हा तो तिथेच थांबत नाही. देवानं वाटून दिलेल्या विश्वासाच्या मापानं, समंजसपणे स्वतःला ओळखा, असं तो पुढे म्हणतो, आणि लगेच प्रत्येकाला मिळालेल्या कृपादानांची यादी देतो: शिकवणं, सेवा करणं, धीर देणं, दान देणं, पुढाकार घेणं, दया करणं (रोम १२:३-८). म्हणजे स्वतःकडे पाहायला मनाई नाही. वाजवीपेक्षा मोठं दाखवणारा आरसा जसा नको, तसा वाजवीपेक्षा लहान दाखवणाराही नको. मंडळीत पहिल्या आरशाबद्दल पुष्कळ बोललं जातं, दुसऱ्याबद्दल फार कमी. त्यामुळे स्वतःला सतत कमी लेखणारा माणूस नम्र समजला जातो आणि त्याची कोणी चौकशीही करत नाही.

ख्रिस्ती विश्वास आत्मविश्वास देतो, पण तो स्वतःची क्षमता मोजून येत नाही. आपल्या किमतीचा निकाल आधीच लागलेला आहे आणि तो आपल्या बाजूनं लागलेला आहे, या भरवशातून तो येतो. शिवाय तो सहसा कामाच्या आधी येत नाही, कामाला लागल्यावर येतो. तुम्ही आत्मविश्वास यायची वाट पाहताय, मग बोलू म्हणताय. पवित्र शास्त्रात हा क्रम जवळपास कुठेच दिसत नाही.

मोशेची गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण ती या नजरेनं पुन्हा वाचा, निर्गमच्या तिसऱ्या आणि चौथ्या अध्यायातली. जळत्या झुडपापाशी देव त्याला मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, राजाकडे, फारोकडे जायला सांगतो. मोशे एकामागून एक अडचणी काढतो. मी कोण जाणारा? त्यांनी तुझं नाव विचारलं तर काय सांगू? त्यांनी विश्वासच ठेवला नाही तर? मी बोलका माणूस नाही, माझी जीभ जड आहे. आणि शेवटी: दुसऱ्या कोणाला तरी पाठव. पहिल्या अडचणीला देवानं दिलेलं उत्तर पाहा. मोशे विचारतो, "मी कोण?" आपण असतो तर म्हणालो असतो, "अरे, तू राजवाड्यात वाढलास, तुला दरबाराची भाषा येते, रीतिरिवाज येतात, तुझ्याइतका लायक कोण?" सगळं खरं होतं. देव यातलं एक अक्षरही बोलत नाही. तो म्हणतो, "मी तुझ्याबरोबर असेन." मोशेनं स्वतःबद्दल विचारलं आणि उत्तर सोबतीबद्दल मिळालं. पुढे देव खूण देतो तीही विलक्षण आहे: लोकांना मिसरातून बाहेर काढल्यावर तुम्ही याच डोंगरावर माझी उपासना कराल, तीच तुला खूण (३:१२). ही खूण काम झाल्यावर मिळणार! काठीचा साप होणं वगैरे चिन्हं नंतर आली, ती लोकांना पटावं म्हणून. मोशेला स्वतःला जी पहिली खात्री मिळाली, ती त्या वाटेच्या पलीकडच्या टोकाला होती.

या गोष्टीतलं आणखी एक मी समुपदेशनात पुन्हा पुन्हा वापरते. "मी कोण?" हा मोशेचा प्रश्न अचानक आलेला नाही. एक अध्याय मागे जा. तरुणपणी त्यानं आपल्या लोकांच्या बाजूनं हात उचलला होता. तो चुकीचा होता, त्यात एक मिसरी माणूस मेला. दुसऱ्या दिवशी दोन इब्री माणसांचं भांडण सोडवायला गेला, तेव्हा त्यांच्यातला एक म्हणाला, "तुला आमच्यावर अधिकारी आणि न्यायाधीश कोणी नेमलं?" (२:१४). मोशे घाबरून पळाला आणि परक्या देशात मेंढरं राखत राहिला. स्तेफनाच्या भाषणाप्रमाणे मधे चाळीस वर्षं गेली (प्रे. कृत्ये ७:३०). चाळीस वर्षांनी देव बोलावतो आणि त्याच्या तोंडून निघतं, "मी कोण?" ते जुनं वाक्य अजून आत बसलेलं होतं.

तुमच्या आतही असं एखादं वाक्य असण्याची शक्यता खूप आहे. माझ्याकडे एक बाई यायच्या, चाळिशीच्या पुढच्या, कामात हुशार. त्या प्रत्येक वाक्याच्या आधी "माफ करा" म्हणायच्या. खुर्चीवर बसताना "माफ करा", पाणी मागताना "माफ करा", स्वतःचं मत सांगताना तर दोनदा. मी एकदा त्यांना थांबवून विचारलं, "ही माफी तुम्ही कोणाची मागताय?" त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग वडिलांचं एक वाक्य सांगितलं: "तुला काय कळतं?" जेवताना, पाहुण्यांसमोर, भावंडांसमोर, लहानपणभर हेच. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती. आम्ही ते वाक्य कागदावर लिहिलं आणि खाली निर्गमच्या तिसऱ्या अध्यायातलं बारावं वचन, "मी तुझ्याबरोबर असेन," लिहिलं. मग मी त्यांना एकच विचारलं, "यातलं कोणतं वाक्य बोलणाऱ्यानं तुम्हाला घडवलं?" स्तोत्रसंहितेतलं १३९ वं स्तोत्र त्यांना पाठ होतं, आईच्या उदरात तू मला घडवलंस हे शब्द त्या कितीदा म्हणाल्या होत्या. पण ते शब्द वडिलांच्या वाक्याच्या शेजारी ठेवून पाहण्याची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती. वचनं पाठ असूनही फरक पडत नाही, असं तुम्ही म्हणता, त्याचं कारण पुष्कळदा हे असतं. वचन एका खोलीत राहतं आणि जखम दुसऱ्या. तुम्हीही ते वाक्य शोधा. कोणी म्हटलं, कधी म्हटलं, कोणाच्या देखत म्हटलं, तेवढं लिहून काढा. मग प्रार्थनेत ते वाक्य, अगदी त्याच शब्दांत, देवाला सांगा. "प्रभू, मला आत्मविश्वास दे" या प्रार्थनेपेक्षा ही प्रार्थना जास्त खोल जाते.

त्याच्याच जोडीला एक अवघड गोष्ट तपासा: तुमच्या मनातल्या देवाचा चेहरा कसा आहे? मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात येशूनं तालांतांचा दाखला सांगितला आहे. धनी परदेशी जाताना एका दासाला पाच तालांत देतो, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला एक. पहिले दोघे ते कामाला लावतात. तिसरा जमिनीत पुरतो. आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो, कारण धनी त्याला तसं म्हणतो. पण त्याचा स्वतःचा जबाब वाचा: "तू कठोर माणूस आहेस हे मला ठाऊक होतं, म्हणून मी भ्यालो आणि तुझा तालांत पुरून ठेवला." धन्याबद्दल त्याची जी कल्पना होती, तिनंच त्याचे हात बांधले. पहिल्या दोघांना तोच धनी होता. एक तालांत ही काही क्षुल्लक रक्कम नव्हती, मजुराच्या कितीतरी वर्षांच्या कमाईइतकी होती. इतक्या विश्वासानं ज्यानं हातात ठेवली, त्याच्याबद्दल "कठोर" एवढंच या दासाला दिसलं. आपला देव चुका टिपत बसलेला परीक्षक आहे असं मनात असेल, तर कितीही प्रार्थना केली तरी माणूस स्वतःला पुरूनच ठेवणार. मीटिंगमध्ये तुमचा घसा कोरडा पडतो तेव्हा तुमच्या मते देव कुठे असतो? टेबलाच्या पलीकडे, गुण देणाऱ्यांच्या रांगेत, की तुमच्या शेजारच्या खुर्चीवर? मी हे खरोखर विचारते आहे. उत्तर लिहून पाहा.

वर मी ज्या निकालाबद्दल बोलले, तो कुठे लागला हे आता सांगते. येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी झाली: तू माझा प्रिय पुत्र आहेस, तुझ्याविषयी मी संतुष्ट आहे (मार्क १:११). मार्कच्या शुभवर्तमानात हे पहिल्याच अध्यायात आहे. तोवर येशूनं एकही आजारी बरा केलेला नाही, एकही उपदेश केलेला नाही, एकही शिष्य बोलावलेला नाही. आवडता असणं आधी आलं, काम नंतर. आणि त्यानंतर लगेच अरण्यात सैतान पहिला घाव कुठे घालतो? "तू देवाचा पुत्र असशील तर..." (मत्तय ४:३). म्हणजे सिद्ध करून दाखव. येशू काहीही सिद्ध करून दाखवत नाही. जे आधीच सांगितलं गेलं आहे, त्याचा पुरावा तो गोळा करत बसत नाही. तुमच्या मीटिंगमध्ये, मुलाखतीत, नातेवाइकांच्या घोळक्यात हाच "असशील तर" कानाशी येत असतो. हुशार असशील तर बोलून दाखव. खरा ख्रिस्ती असशील तर घाबरू नकोस. याला पुरावा देत बसलात की संपलं, कारण तो पुरावा दुसऱ्या दिवशी पुन्हा मागितला जातो.

सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर हा काही भित्रा माणूस म्हणून ओळखला जात नाही, पण आतून त्याला निराशेचे आणि शंकेचे भयंकर झटके येत. मठात असताना तो तासन्‌तास पापकबुली देत बसे आणि तरी मन शांत होत नसे. पुढे त्यानं लोकांना शिकवलं की पाप आणि विवेक टोचू लागले की उत्तर द्या: "माझा बाप्तिस्मा झाला आहे." त्यानं "मी चांगला आहे" असं म्हणायला सांगितलं नाही, "मी आता सुधारलो आहे" असंही नाही. आपल्या बाबतीत बाहेरून घडलेल्या, आपल्या मूडवर अवलंबून नसलेल्या घटनेकडे त्यानं बोट दाखवलं. मूड सकाळी एक असतो, दुपारी दुसरा. घडून गेलेली गोष्ट बदलत नाही.

पौलानं हे एका वाक्यात असं मांडलं आहे की मी ते पुष्कळांना पाठ करायला लावते: तुम्ही किंवा कोणी माणसानं माझा न्याय करावा याचं मला काहीच वाटत नाही, इतकंच काय, मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे (१ करिंथ ४:३-४). पहिला भाग आजकाल सगळेच सांगतात, लोक काय म्हणतील याची पर्वा करू नका. मग माणूस स्वतःच स्वतःचा न्यायाधीश होतो, आणि तो न्यायाधीश बहुधा लोकांपेक्षा कडक निघतो. पौल दोन्ही खुर्च्या रिकाम्या करतो. "मला आज किती आत्मविश्वास वाटतोय?" हे तुम्ही दिवसातून कितीदा तपासता? ते तपासणं म्हणजे त्या दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसणं आहे.

करिंथमध्ये पौलाचे विरोधक होतेच. भाषणकलेला तिथे भारी मान. त्याच्याबद्दल लोक म्हणत की पत्रं वजनदार आहेत, पण माणूस समोर आला की अशक्त, आणि बोलणं तर टाकाऊ (२ करिंथ १०:१०). तुम्हाला जी भीती वाटते, ती त्याच्या बाबतीत खरी ठरली होती. लोकांनी त्याच्या बोलण्याला खरंच नावं ठेवली. त्याला उत्तर म्हणून पौल स्वतःची फुशारकी मारायला बसतो आणि काय सांगतो? फटके, तुरुंग, तीनदा फुटलेलं गलबत, भूक, थंडी, आणि सगळ्यांत शेवटी दिमिष्क (दमास्कस) शहरातला प्रसंग: पकडायला माणसं आली तेव्हा मला टोपलीत बसवून तटाच्या खिडकीतून खाली सोडलं (११:३२-३३). रोमी सैन्यात शत्रूच्या तटावर सर्वांत आधी चढणाऱ्या सैनिकाला मानाचा मुकुट मिळत असे. पौल आपल्या अभिमानाच्या यादीत, तटावरून टोपलीतून उतरून पळालेला माणूस म्हणून स्वतःचं नाव घालतो. हे तो कसं लिहू शकला? त्याच्या शरीरातला काटा निघावा म्हणून त्यानं तीनदा विनवणी केली, तो निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे, माझं सामर्थ्य अशक्तपणात पूर्ण होतं, हे उत्तर मिळालं (१२:८-९). ज्याला आपली सगळ्यांत लाजिरवाणी गोष्ट सांगायची भीती उरली नाही, त्याला घाबरवायचं कशानं?

येशूचा शिष्य पेत्र याच्याकडे उलट होतं. त्याच्याकडे आत्मविश्वास भरपूर होता. सगळे अडखळले तरी मी अडखळणार नाही, असं तो म्हणाला आणि त्याच रात्री एका दासीच्या प्रश्नानं कोसळला. पुढे योहानच्या एकविसाव्या अध्यायात उठलेला येशू त्याला समुद्रकाठी भेटतो. तिथे कोळशाचा विस्तव पेटलेला आहे. महायाजकाच्या अंगणात नाकारताना पेत्र जिथे शेकत उभा होता, तोही कोळशाचाच विस्तव होता (योहान १८:१८). तीनदा नाकारलं होतं, तीनदा प्रश्न येतो: माझ्यावर प्रीती करतोस का? आणि प्रत्येक उत्तरामागे काम सोपवलं जातं: माझी मेंढरं सांभाळ. आधी महिनाभर पश्चात्ताप करून दाखव, मग पाहू, असं येशू म्हणाला नाही. त्यानं विश्वास टाकला. समुपदेशनात मी शिकले ते हेच की पडलेल्या माणसाला कौतुकापेक्षा सोपवलेलं काम लवकर उभं करतं. पुढे हाच पेत्र न्यायसभेसमोर निर्भयपणे बोलला, आणि त्याहीपुढे अंत्युखियात लोकांच्या भीतीनं पुन्हा मागे सरकला. पौलाला त्याला तोंडावर सांगावं लागलं (गलती २:११-१४). पवित्र आत्म्यानं भरल्यानंतरची ही गोष्ट आहे. भीती एकदा गेली म्हणजे कायमची गेली, असं कोणी तुम्हाला सांगत असेल तर पेत्राचं उदाहरण पुढे करा.

दोन गैरसमजांबद्दल कडकपणे बोलते, कारण त्यांनी माणसं मोडलेली मी पाहिली आहेत. पहिला, "मला सामर्थ्य देणाऱ्याच्या योगे मी सर्व काही करू शकतो" (फिलिप्पै ४:१३) हे वचन परीक्षा, बढती, स्पर्धा जिंकण्याचं तिकीट म्हणून वापरणं. ते पौलानं कैदेतून लिहिलं आहे, आणि आधीच्या दोन वचनांत विषय आहे उपासमार आणि तृप्ती, विपुलता आणि गरज. दोन्हीत मी राहायला शिकलो, असं तो म्हणतो. म्हणजे हे वचन हरल्यावरही तितकंच खरं असतं, आणि म्हणूनच ते कामाचं आहे. ज्याला जिंकण्याचं वचन म्हणून ते दिलं जातं, तो पहिल्या अपयशात वचन आणि आत्मविश्वास दोन्ही गमावतो. दुसरा गैरसमज: नम्रता म्हणजे गप्प बसणं. घरात किंवा मंडळीत कोणी तुमचा अपमान करत असेल, अंगावर हात टाकत असेल, आणि वर "ख्रिस्ती माणसानं सहन करावं" असं सांगत असेल, तर ती नम्रता नाही, ती दडपशाही आहे. येशूला न्यायचौकशीत चपराक मारली गेली तेव्हा त्यानं विचारलं, "मी बरोबर बोललो असेन तर मला का मारतोस?" (योहान १८:२३). तुमचं असं काही असेल तर आधी सुरक्षित व्हा, विश्वासातल्या माणसाला सांगा. आत्मविश्वासाचा विचार नंतर.

आता सोमवारच्या मीटिंगकडे येऊ. मोशेच्या गोष्टीचा शेवट आठवा. पाचव्या अडचणीला देव रागावला, पण त्या रागातच त्यानं अहरोन दिला. तुझा भाऊ चांगला बोलतो, तो तुझ्यासोबत येईल. देवानं मोशेची जीभ एका रात्रीत सैल केली नाही, सोबती दिला. तुमच्या टीममध्ये असा एक जण शोधा. त्याला आधी सांगून ठेवा, "मी आज हा एक मुद्दा मांडणार आहे, मी अडखळलो तर तू धागा उचल." यात कमीपणा काही नाही. पुढे मोशेचं काय झालं तेही पाहा: बायबलमधलं 'अनुवाद' नावाचं पुस्तक जवळजवळ सगळं त्याच्याच भाषणांचं आहे. बोलता बोलताच तो बोलका झाला.

ताबडतोब उत्तर द्यायलाच हवं, हेही मनातून काढा. १७ एप्रिल १५२१ रोजी जर्मनीतल्या व्होर्म्स शहरातल्या सभेत सम्राट पाचव्या चार्ल्ससमोर ल्यूथरला विचारलं गेलं, ही पुस्तकं तुझी का, आणि तू ती मागे घेतोस का? त्यानं विचाराला वेळ मागितला. एक दिवस मिळाला. मागे घेत नाही, हे जगाला ठाऊक असलेलं त्याचं ठाम उत्तर दुसऱ्या दिवशीचं आहे. "मला यावर विचार करून उद्या सांगू द्या" हे वाक्य तुम्हालाही म्हणता येतं, आणि ते म्हणणारा माणूस दुबळा दिसत नाही.

मीटिंगला जाण्याआधी "माझी भीती घालव" अशी प्रार्थना करत असाल तर ती जरा बदला. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात धमक्या मिळाल्यावर मंडळी प्रार्थना करते. धमक्या बंद कर, असं ते मागत नाहीत. तुझं वचन पूर्ण धैर्यानं सांगता यावं, असं मागतात. तुम्हीही त्या दिवसापुरतं काम मागा: प्रभू, त्या कोपऱ्यात बसलेल्या माणसाला या योजनेत अडचण येणार आहे, त्याच्यासाठी मला हा मुद्दा मांडू दे. लक्ष स्वतःवरून त्या माणसावर गेलं की घशाची कोरड निम्मी होते, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिलं आहे. संध्याकाळी "मी कसा दिसलो, कसा वाटलो" हे उकरू नका. आज माझ्यामुळे कोणाचं काही सोपं झालं का, एवढंच आठवा आणि त्याबद्दल आभार माना. कोणी कौतुक केलं तर "नाही हो, कसलं काय" असं म्हणून ते परत करू नका. "धन्यवाद" म्हणा आणि थांबा. आणि मन फारच खचलं तर बेचाळिसावं स्तोत्र मोठ्यानं वाचा. स्तोत्रकर्ता तिथे आपल्या जिवाचं ऐकत बसत नाही, उलट त्यालाच विचारतो: हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? देवाची आशा धर. मनात नको, मोठ्यानंच वाचा. स्वतःच्या कानांवर स्वतःचा आवाज पडू द्या, त्याची सवय तुम्हाला मीटिंगमध्येही उपयोगी पडेल.

हे सगळं केलं तरी आतून खात्री लवकर वाटेलच असं नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर त्या अमेरिकेत गेल्या, व्याख्यानं दिली, १८८९ मध्ये शारदा सदन उघडलं, केवढी कामं केली. आणि त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं आहे की बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळाला नव्हता. ती मधली वर्षं खोटी होती का? त्या वर्षांत त्यांनी ज्या बालविधवांना आसरा दिला, त्यांना विचारलं असतं तर काय उत्तर मिळालं असतं? तुमच्या विश्वासाची परीक्षा तुमच्या भावनेवर लावू नका.

एका बाबतीत मात्र वाट पाहू नका. कित्येक आठवडे झोप लागत नसेल, अन्न जात नसेल, छातीत धडधडून श्वास कोंडल्यासारखं होत असेल, किंवा जगणंच नको वाटत असेल, तर हा आत्मविश्वासाचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरकडे जा, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा, आणि घरच्या कोणाला तरी आजच सांगा. एलीया संदेष्टा रतामाच्या झुडपाखाली बसून "माझा जीव घे" म्हणाला, तेव्हा देवानं त्याला उपदेश केला नाही. झोपू दिलं, दूतानं उठवून भाकर आणि पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं, पुन्हा खाऊ घातलं (१ राजे १९). बोलणं त्यानंतर झालं, तेही मंद वाणीत. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी असणं, असं म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

राहिली उपासनेतली प्रार्थना. पाळकांना आधीच भेटून सांगा की मला प्रार्थना करायची आहे, पण अचानक नाव घेऊ नका, आदल्या दिवशी कळवा. कोणताही समंजस पाळक हे आनंदानं करेल. मग कागदावर तीन वाक्यं लिहा. एकात देवाचे कशाबद्दल तरी आभार, एकात मंडळीतल्या एका माणसाची एक खरी गरज, एकात "येशूच्या नावानं मागतो, आमेन". कागद हातात धरूनच वाचा, पाठ म्हणण्याचा अट्टहास नको. आवाज कापला तर कापू द्या, मधे थांबावंसं वाटलं तर थांबा. ज्या माणसाची गरज तुम्ही देवापुढे ठेवली, तो त्या वेळी तुमच्या आवाजाची परीक्षा करत नसेल, त्याला आपलं नाव ऐकू येत असेल. महिनाभर दर आठवड्याला तीनच वाक्यं. चौथं वाक्य मनात आलं तरच वाढवा.